बंद डब्यातला फिल्टर आणि सोलापूरची लाइट: एका घरगुती मत्स्यटाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

विजापूर रोडवरचं एक बैठं घर. घरात चार माणसं: यंत्रमागाचा कारखाना मुलाच्या हवाली करून घरी बसलेले वडील, मुलगा, सून आणि आठवीतला नातू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडिलांना इथे अण्णा म्हणू आणि सुनेला वहिनी, मी त्यांना तसंच म्हणतो.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, हॉलमध्ये लाकडी कपाटावर ठेवलेली. हिशेबाने २५५ लिटर. खालची खडी, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी २१५ लिटरच्या आसपास. फिल्टर निवडताना हा दुसरा आकडा धरायचा असतो. दुकानात नेहमी पहिलाच सांगतात.

मासे होते सहा एंजल, तीन गोल्डफिश, दहा-बारा मॉली आणि एक सकर. सकर ‘टाकी साफ करतो’ म्हणून खपवला जातो. तो काचेवरचं शेवाळ थोडंफार खरवडतो आणि उरलेला वेळ विष्ठा टाकतो, तीही भरपूर. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, एंजलला उबदार. दोघांना एका टाकीत ठेवणं मला पटत नाही. पण मासे नातवाने निवडलेले होते, तेव्हा तो विषय तिथेच राहिला.

पाण्याचं सांगायला हवं, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. शहराला मुख्यतः उजनीचं पाणी मिळतं आणि ते रोज येत नाही. या घरी त्या काळात चार दिवसांआड पाणी यायचं. आलं की आधी हौद भरायचा, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी. शिवाय बोअर आहे, पण त्याचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. मत्स्यटाकीसाठी त्यामुळे हौदातलंच पाणी कामाचं.

अडचण काय होती

टाकीवर आधी साधा टॉप फिल्टर होता. वर एक ट्रे, त्यात कापूस आणि स्पंज, पंप पाणी वर फेकतो आणि ते झिरपत खाली पडतं. दोन वर्षं तो बिनबोभाट चालला, म्हणजे बोभाटा सोडून बाकी सगळं ठीक होतं. अण्णा हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी दोन बोटं उतरली की पाणी पडण्याचा आवाज वाढायचा. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेल्या माणसाला थेंबांच्या आवाजाने झोप येईना, याची घरात थट्टा व्हायची, पण त्रास खरा होता.

दुसरी तक्रार पाण्याची. ते धुरकट दिसायचं. ट्रेमधला कापूस आठवड्यात काळा पडायचा आणि जैविक गाळणीला त्यात जागाच नव्हती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून वाढतात. जितका पृष्ठभाग जास्त, तितकी त्यांची वस्ती मोठी. दर आठवड्याला फेकून दिल्या जाणाऱ्या कापसावर ती वस्ती टिकत नाही.

समोरचे पर्याय

दिवाळीच्या सुमाराला मुलाने मला विचारलं तेव्हा त्याचं मन अर्धं कॅनिस्टरवर, म्हणजे बंद डब्याच्या फिल्टरवर, बसलेलं होतं. तरी चार पर्याय मांडले.

मागे टांगायचा फिल्टर स्वस्त आणि धुवायला सोपा, पण पातळी उतरली की त्याचाही धबधबा होतो. अण्णांची तक्रार कायम राहिली असती. सम्प, म्हणजे कपाटात दुसरी टाकी ठेवून वरचं पाणी तिच्यात उतरवायचं, ही गाळणी म्हणून सर्वांत ताकदीची व्यवस्था. मात्र काचेला भोक पाडावं लागतं, आणि लाइट गेल्यावर वरचं किती पाणी खाली येणार हे आधी नीट मोजलं नसेल तर हॉलमध्ये तळं होतं. हा पर्याय वहिनींनी एका वाक्यात निकालात काढला.

तिसरा होता दोन मोठे स्पंज फिल्टर आणि एक एअर पंप. खर्च सर्वांत कमी, लाइट गेल्यावर बॅटरीचा पंप लावून चालू ठेवता येतात, बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. प्रजनन करणारे लोक वर्षानुवर्षं यावरच टाक्या चालवतात. पण टाकीत दोन काळे ठोकळे दिसतात, बुडबुड्यांचा आवाज येतो आणि पाण्याला काचेसारखी चकाकी येत नाही.

चौथा कॅनिस्टर. झाकण घट्ट बसणारा उभा डबा कपाटात ठेवतात. टाकीतलं पाणी एका नळीतून उताराने डब्यात येतं, स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा, कापूस अशा थरांतून जातं आणि डोक्यावरचा पंप ते दुसऱ्या नळीने परत वर ढकलतो. आवाज जवळजवळ नाही. डब्यात आठ-दहा लिटर जागा असते, म्हणजे जिवाणूंना भरपूर घर. तोटा त्या घट्ट झाकणातच आहे: आतल्या जिवाणूंना मिळणारा सगळा ऑक्सिजन वाहत्या पाण्यातून येतो. पाणी थांबलं की आत आहे तेवढ्यावर भागवायचं.

हा तोटा मी सांगितला होता, मुलाने ऐकला होता, आणि ‘आपल्याकडे इन्व्हर्टर आहे’ असं उत्तर दिलं होतं. निर्णय आवाजावर झाला. तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. ज्या खोलीत माणूस झोपतो त्या खोलीतल्या यंत्राचा आवाज हा क्षुल्लक मुद्दा नव्हे. पण आवाज गेल्यावर त्याच्याबरोबर आणखी काय जाईल, याचा विचार त्या वेळी कोणीच केला नाही.

निवड आणि बसवणी

घेतलेल्या कॅनिस्टरच्या खोक्यावर ताशी १२०० लिटर आणि २८ वॅट लिहिलेलं होतं. ताशी टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरावं असा ढोबळ नियम सांगतात. २१५ लिटरला १२०० म्हणजे साडेपाच पट, कागदावर उत्तम. कागदावरचा आकडा मात्र रिकाम्या डब्याचा असतो. थर भरले, नळ्या जोडल्या, कोपरे आले की तो बराच खाली येतो.

खरा आकडा काढायला घड्याळ आणि १० लिटरची बादली पुरते. बाहेर येणाऱ्या नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच धरायचं आणि तिथून बादलीत सोडायचं. बादली जमिनीवर ठेवून नळीही खाली सोडली तर उताराचा जोर मिळतो आणि आकडा फुगतो. अनेक जण इथेच फसतात. या घरी पहिल्या दिवशी बादली भरायला ५२ सेकंद लागले, म्हणजे ताशी साधारण ६९० लिटर. टाकीच्या तिप्पट. एवढ्या माशांना जेमतेम पुरेसं. मोठा घ्यायला हवा होता का? कदाचित. पण एंजलला जोराचा प्रवाह सोसत नाही, त्याचे पंख लांब आणि पोहणं संथ. त्यामुळे ती निवड मला मान्य होती.

आत खालून वर जाड स्पंज, बारीक स्पंज, सिरॅमिक रिंगांचे दोन ट्रे आणि शेवटी कापूस असा क्रम लावला. सोबत आलेली कोळशाची पिशवी काढून तिथेही रिंगाच भरल्या. कोळसा पाण्यातलं औषध किंवा रंग काढायला उपयोगी, पण काही आठवड्यांत त्याची ताकद संपते आणि तो नुसती जागा अडवतो.

जुना टॉप फिल्टर महिनाभर कॅनिस्टरबरोबर चालू ठेवला, म्हणजे नव्या रिंगांवर जिवाणू बसेपर्यंत जुने काम करत राहतील. हे नीट झालं. कॅनिस्टर एका पसरट टबमध्ये ठेवला, कारण झाकणाच्या रबरी कड्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी पाणी झिरपतं आणि कपाटाचं प्लायवूड फुगतं. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोल देऊन मग वर नेली. वायरवरून ओघळलेलं पाणी झोलापाशी टपकतं, बोर्डात शिरत नाही.

महिन्याने टॉप फिल्टर काढला. अण्णा खूश. एकच किरकोळ आवाज उरला होता. पाणी परत सोडणारी भोकं पाडलेली आडवी नळी पातळीच्या जरा वर होती आणि तिच्या धारा पाण्यावर पडत होत्या. मुलाने ती नळी चार बोटं पाण्याखाली नेली. खोलीत पूर्ण शांतता झाली.

वळवाची रात्र

हिवाळा चांगला गेला. पाणी खरोखर काचेसारखं झालं होतं. मे महिन्यात टाकीचं तापमान ३२ अंशांवर पोचलं, हॉलमध्ये कूलर असूनही. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते.

एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने झाड तारांवर पडलं आणि रात्री साडेनऊला गेलेली लाइट पहाटे आली. घरातल्यांना त्याचं काही वाटलं नाही. इन्व्हर्टरवर पंखे चालू होते, सगळे झोपले. कॅनिस्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच. बसवताना एकदा लावून पाहिला होता, पण तो इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा. त्यावर पंपाची मोटर गुरगुरायची आणि तापायची, म्हणून तिला साध्या प्लगवर टाकलं होतं. ‘आपल्याकडे इन्व्हर्टर आहे’ हे वाक्य खरं होतं, फक्त फिल्टरला ते लागू नव्हतं.

जुना टॉप फिल्टर असता तर? पाण्याचा आवाज बंद पडला की अण्णांना जाग यायची, हे त्यांनीच नंतर सांगितलं. कॅनिस्टर चालू असताना आणि बंद असताना खोली सारखीच शांत.

पहाटे लाइट आली आणि पंप आपोआप सुरू झाला. डब्यात रात्रभर अडकलेलं पाणी टाकीत आलं: राखाडी, सडक्या अंड्यासारखा वास. सहाला वहिनींचा फोन. “मासे वर येऊन नुसती तोंडं उघडझाप करायलेत, आणि दोन एंजल आडवे पडलेत.” त्या सकाळपर्यंत दोन एंजल आणि चार मॉली गेले.

घरात सगळ्यांनी दोष त्या राखाडी पाण्याला दिला. मला तसं वाटत नाही. आठ-दहा लिटर घाण पाणी २१५ लिटरमध्ये मिसळलं हे वाईटच, पण मासे त्याआधीच गुदमरत असणार. साडेनऊपासून पहाटेपर्यंत ३२ अंशांच्या गच्च भरलेल्या टाकीत पृष्ठभाग हलवणारं काहीच नव्हतं. हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो हलत्या पृष्ठभागातून. आडवी नळी पाण्याखाली नेल्यापासून तो पृष्ठभाग एरवीही जेमतेम हलत होता, त्यामुळे टाकीने रात्रीची सुरुवातच कमी शिलकीवर केली होती. फुटणारे बुडबुडे किंवा पडणारं पाणी नसलेली टाकी शांत दिसते, पण तिच्या हाताशी काही राखून ठेवलेलं नसतं.

मी फोनवर एवढंच सांगितलं: प्लग काढा, तांब्याने पाणी उंचावरून टाकीतच ओतत राहा, मी येतो. नातवाने शाळेला सुट्टी असल्याने दीड तास तांब्या चालवला. उरलेले मासे बहुतेक त्यामुळे वाचले.

नळाखालची धुलाई

मी पोचेपर्यंत आणखी एक गोष्ट झाली होती. त्या दिवशी नेमकं पाणी आलं होतं. मुलाने कॅनिस्टर उघडला, वास आला आणि त्याने सगळं, स्पंज, रिंगा, डबा, मोरीत नेऊन धो धो नळाखाली धुतलं. रिंगा पांढऱ्याशुभ्र निघाल्या. त्या सकाळी कोणीही हेच केलं असतं.

उघडणं बरोबर होतं. कॅनिस्टर काही तास बंद राहिला की तो सुरू न करता आधी उघडून आतलं पाणी फेकायचंच. पण थर धुवायला टाकीतलं पाणी घ्यायचं, नळाचं नाही. पाणी आलेल्या दिवशी त्याला क्लोरीनचा वास स्पष्ट येतो, आणि जे क्लोरीन पिण्याच्या पाण्यातले जिवाणू मारतं ते रिंगांवरच्या जिवाणूंना वगळत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू ऑक्सिजनविना काही तास तग धरतात. ते सुस्तावतात, लगेच मरत नाहीत. म्हणजे पहाटे सगळं संपलेलं नव्हतं. नळाने उरलंसुरलं नेलं.

परिणाम लगेच दिसला नाही. टाकी दोन दिवस छान दिसली. तिसऱ्या दिवशी थेंबांच्या चाचणी-किटने अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम दाखवला, पीएच ८ च्या थोडा वर. जड पाण्यात पीएच चढाच असतो आणि तिथे अमोनिया जास्त घातक ठरतो. पीएच ८ आणि तापमान ३० अंश असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे साडेसात टक्के विषारी रूपात असतो. पीएच ७ असेल तर तेच प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. मऊ पाण्याच्या गावातला माणूस जो आकडा पाहून ‘बघू उद्या’ म्हणेल, तो सोलापुरात तातडीचा असतो. त्या आठवड्यात आणखी दोन एंजल आणि एक गोल्डफिश गेला.

सावरण्यासाठी काय केलं

दोन वाटा होत्या. मासे दुसरीकडे हलवून टाकी रिकामी चालवायची, किंवा मासे ठेवूनच रोज थोडं पाणी बदलत जिवाणू परत वाढवायचे. हलवायला जागा नव्हती, म्हणून दुसरी.

माझ्याकडच्या चालत्या टाकीतला जुना, मळकट स्पंज पिशवीत ओला ठेवून आणला आणि कॅनिस्टरमध्ये पहिल्या थराला बसवला. त्या स्पंजाने पुढचे काही आठवडे वाचवले असं माझं मत आहे. बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा माझा भरवसा अशा स्पंजावर जास्त. खाद्य दिवसाआड आणि चिमूटभर. आडवी नळी परत पातळीवर आणली आणि अण्णांनी थेंबांचा आवाज काही न बोलता मान्य केला. नायट्राइट वर जाऊ लागल्यावर लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने जाडं मीठ विरघळवून घातलं. मिठातलं क्लोराइड माशांच्या कल्ल्यांतून नायट्राइटला आत जाऊ देत नाही.

खरी कसोटी पाण्याची होती. रोज ५० लिटर बदलायचे, म्हणजे दोन पाळ्यांच्या मधे किमान २०० लिटर, तेही मे महिन्यात, हौदावर सगळं घर अवलंबून असताना. बोअरचं पाणी वापरावं असं मुलाचं म्हणणं. त्यात क्लोरीन नाही हे खरं, पण टाकीत आधीच क्षार साचलेले होते. रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घातली जात होती. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागे राहतात, वर नवे येतात. नुसती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, हे तेव्हा घरात कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

तोडगा वहिनींनी काढला. रात्री हौदातून एका ड्रममध्ये पाणी काढायचं, त्यात हायपोचे खडे टाकून क्लोरीन मारायचं, एअर पंप लावून ठेवायचा, सकाळी टाकीत घालायचं. टाकीतून काढलेलं पाणी कढीपत्ता, मोगरा आणि फरशीला. मीठ घातल्यावर कुंड्यांना ते देणं बंद केलं. त्यांचा हिशेब असा की फरशीला नाहीतरी पाणी लागतंच, तेव्हा वाया काही जात नाही.

तीन आठवड्यांच्या आसपास अमोनिया शून्यावर आला. नायट्राइट त्यानंतर उतरलं.

लाइटचा प्रश्न

हा भाग सर्वांत जास्त चर्चेचा झाला आणि तो पहिल्या फटक्यात सुटला नाही.

अण्णांची सूचना सरळ होती. “मागाच्या मोटरीला स्टार्टर असतो. लाइट गेली की पडतो, आली म्हणून आपोआप उचलत नाही. ह्याला का बसवत नाही?” कारखान्याच्या वायरमनने एक छोटा कॉन्टॅक्टर (विजेने उचलला जाणारा स्विच), हिरवं-लाल बटण आणि एक दिवा अशी पेटी कपाटात बसवून दिली. आता लाइट आल्यावर पंप आपोआप सुरू होणार नव्हता, म्हणजे सडलेलं पाणी टाकीत येण्याचा धोका गेला.

पण काही दिवसांनी रात्री लाइट दहा मिनिटं गेली आणि आली. स्टार्टर पडला तो पडलाच. फिल्टर सकाळपर्यंत बंद. दहा मिनिटांच्या खंडाने डब्यात काहीच बिघडलं नसतं. उपायाने त्याचे आठ तास केले. माग पडला तर कामगार समोर उभा असतो, तो बटण दाबतो. फिल्टरसमोर रात्री कोणी नसतं.

मग क्रम बदलला. जुना इन्व्हर्टर तसाही बदलायचा होता. नवा साइन वेव्हचा, म्हणजे चौकोनी नव्हे तर गोलसर लहरींचा, घेतला आणि कॅनिस्टर त्याच्या लाइनवर टाकला. २८ वॅट म्हणजे बॅटरीला नगण्य भार. स्टार्टरची पेटी इन्व्हर्टर आणि पंपाच्या मधे ठेवली. आता लाइट थोडा वेळ गेली तर इन्व्हर्टर पंप चालू ठेवतो आणि स्टार्टर पडत नाही. बॅटरीही संपली तरच पडतो, आणि तेव्हा तो पडलेलाच राहावा असंच हवं आहे.

याशिवाय कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर लावला, बॅटरीवर आपोआप सुरू होणाऱ्या एअर पंपाचा. तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही, साध्या प्लगवर आहे. लाइट गेली की लगेच घुं घुं करत सुरू होतो. अण्णांना त्याने जाग येते. ते उठून पेटीवरचा हिरवा दिवा बघतात आणि परत झोपतात. मला हा पंप ऑक्सिजनसाठी हवा होता. त्याचा घंटेसारखा उपयोग होईल हे माझ्या डोक्यात नव्हतं.

देखभाल आता कशी चालते

आधी ठरलेलं असं काही नव्हतंच. पाणी कमी येतंय असं वाटलं की उघडायचं. फेब्रुवारीत बादली भरायला ९५ सेकंद लागत होते असं मुलाला आठवतं, म्हणजे प्रवाह ताशी ३८० लिटरवर आलेला. धार ‘चालू आहे’ असं दिसत होतं म्हणून कोणी हात लावला नाही.

आता बादलीचे सेकंद वहिनी महिन्यातून एकदा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितात. ७० च्या पुढे गेले की डबा उघडायचा, तारीख काहीही असो. आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला एक स्पंजाची टोपी घातली आहे. ती दर आठवड्याला टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळायची. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यामुळे डबा उघडायची वेळ लांबते. कापूस फेकून नवा घालायचा, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळायचे, रिंगांचा एका वेळी एकच ट्रे, तोही नुसता हलवून घ्यायचा. पांढऱ्या निघेपर्यंत नाही.

दर तीन महिन्यांनी पंपाचं इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं पातं, साफ करायचं. जड पाण्याने त्याच्या दांड्यावर खडूसारखा थर बसतो, मग घरघर सुरू होते आणि प्रवाह घटतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासलं की तो निघतो. दांडा सिरॅमिकचा असतो, वाकवला तर तुटतो. नळ्यांच्या आतला बुळबुळीत थरही प्रवाह खातो. लांब तारेचा ब्रश त्यासाठीच मिळतो.

झाकणाच्या रबरी कड्याला मुलगा आधी शिलाई मशीनचं तेल लावायचा. खनिज तेलाने आणि व्हॅसलीनने रबर फुगतं, ढिलं पडतं. सिलिकॉन ग्रीस लागतं. पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ते छोट्या डबीत मिळतं.

डबा उघडायचा तो पाणी यायच्या आदल्या दिवशी, असंही ठरलं आहे. नळ कोरडा असला की नळाखाली धरण्याचा मोहच होत नाही, आणि टाकीतून काढलेल्या पाण्याची भरपाई दुसऱ्या दिवशी हौद भरल्यावर करता येते.

काय वेगळं करता आलं असतं

कॅनिस्टर घेऊ नये असं मी या घराला आजही सांगणार नाही. पण त्याच दिवशी एक स्पंज फिल्टर घ्यायला लावला असता. त्याची किंमत कॅनिस्टरच्या मानाने किरकोळ असते. त्या वेळी मुलगा ‘दोन दोन फिल्टर कशाला’ म्हणाला होता आणि विषय सुटला. जोडीला इंपेलर आणि रबरी कडं सुटं घेऊन ठेवायला हवं. पंप बंद पडल्यावर ते मागवत बसलं तर दोन-तीन दिवस सहज जातात, आणि मे महिन्यात तेवढे दिवस टाकीकडे नसतात.

इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरली तो खरा निर्णयाचा क्षण होता. तिथे प्लग बदलला गेला आणि प्रश्न मिटला असं धरलं गेलं. त्याच दिवशी, दिवसाउजेडी, मेन स्विच बंद करून तासभर टाकीसमोर बसलं असतं तर काय बंद पडतं, काय चालू राहतं आणि कोणाच्या लक्षात येतं, हे तिन्ही कळलं असतं. आता दर एप्रिलमध्ये हे करायचं असं मुलाने ठरवलं आहे.

नळाखालच्या धुलाईबद्दल मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. सोबतच्या पुस्तिकेत थर टाकीच्या पाण्यात धुवा असं लिहिलेलं होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. वहिनींनी आता कॅनिस्टरच्या झाकणावर मार्करने मराठीत लिहून ठेवलं आहे: ‘नळाचं पाणी नको’.

सध्याची स्थिती

आज टाकीत दोन एंजल, दोन गोल्डफिश, मॉलींची वाढलेली पिलावळ आणि सकर आहे. सकर आता वीतभर झाला आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट मात्र लिटरला ६० मिलिग्रॅमच्या खाली येत नाही, आणि ते फिल्टरचं काम नाही. पाणी बदलून किंवा मासे कमी करूनच उतरतं. पाण्याला पाळीची मर्यादा आहे, म्हणून मासे कमी करायचे. मॉलींची पिलं घ्यायला एक शेजारी तयार आहेत. सकर कोणाला द्यायचा हे ठरलेलं नाही. हिप्परग्याच्या तलावात सोडून द्यावा असं नातवाने सुचवलं होतं. तो परदेशी मासा आहे, तलावात टिकला तर तिथल्या माशांच्या मुळावर येईल, हे त्याला समजावलं आहे. विकत दिलेल्या दुकानदाराला परत घेता का म्हणून विचारलं आहे. त्याचं उत्तर यायचं आहे.